तीन गाईंचा तह

राजांचे तह इतिहासाच्या पुस्तकांत येतात. गांवकऱ्यांचे तह बहुधा कोणाच्या लक्षांतही राहत नाहींत. पानिपतची किंवा वॉटर्लूची तारीख शाळेंतील मुलास पाठ असते. परंतु डोंगरावरील एखाद्या झऱ्यासाठीं दोन खोऱ्यांतील धनगर एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि एके दिवशीं त्यांनीं तें वैर थांबविलें, ही हकीकत कोणत्याही परीक्षेंत विचारली जात नाहीं. वास्तविक पाहतां सामान्य संसारी मनुष्याचा संबंध पहिल्या गोष्टीपेक्षां दुसरीशींच अधिक निकटचा आहे. राज्य कोणाचेंही असो, गुरांना चारा आणि पाणी रोज लागतें. आणि शेजारी कितीही वाईट असला तरी तो बदलून घेतां येत नाहीं. यामुळें शिवेवरचें भांडण हें जगांतील अत्यंत जुनें आणि अत्यंत चिवट भांडण होऊन बसलें आहे.

असें भांडण कायमचें मिटतें काय, आणि मिटत असेल तर कशामुळें मिटतें, या प्रश्नाचें उत्तर देणारा एक दाखला युरोपांत आहे. फ्रान्स व स्पेन यांच्या मधल्या पिरेनीज पर्वतांत दोन खोऱ्यांमध्यें १३७५ सालीं ठरलेला कुरणाचा व पाण्याचा करार आजही पाळला जातो. या सुमारें साडेसहाशें वर्षांत दोन्ही बाजूंचीं राजघराणीं बदललीं, एक राज्य तर नकाशावरून पुसलें गेलें. करार मात्र राहिला. तो कां राहिला, हें समजून घेण्यासारखें आहे.

श्रोत्यांनीं युरोपचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. स्पेनचें द्वीपकल्प ज्या ठिकाणीं बाकीच्या खंडास जोडलेलें आहे, तेथें पिरेनीजची रांग पूर्वपश्चिम अशी भिंतीसारखी उभी आहे. तिच्या पश्चिमेकडील भागांत, दक्षिण उतारावर, रोंकालचें खोरें आहे. त्यांत सात गांवें असून इसाबा हें त्यांपैकीं एक प्रमुख गांव होय. त्याच्या पलीकडे उत्तर उतारावर बारेतूसचें खोरें असून त्यांत आरेत, आरामित्स इत्यादि सहा गांवें आहेत. आज रोंकाल स्पेनमध्यें व बारेतूस फ्रान्समध्यें मोडतें. चौदाव्या शतकांत मात्र रोंकाल हें नावारच्या स्वतंत्र राज्यांत होतें आणि बारेतूस हें बेआर्नच्या सरदाराच्या अमलाखालीं होतें. दोन्हीकडच्या लोकांचा धंदा एकच, गुरें व मेंढ्या पाळण्याचा. हिवाळ्यांत डोंगरमाथा बर्फाखालीं गाडला जातो. उन्हाळा आला व बर्फ वितळलें कीं माथ्यावर कोवळें गवत उगवतें आणि खालच्या गांवांतले कळप वर चढूं लागतात. उत्तरेचे कळप दक्षिणेकडे तोंड करून चढतात, दक्षिणेचे उत्तरेकडे; आणि दोघांची गांठ माथ्यावरच्या कुरणांत पडते.

कुरण विस्तीर्ण असलें तरी पाणी बेताचें होतें, ही या भांडणाची खरी मेख होती. हा सारा मुलूख चुनखडकाचा आहे. तेथें बर्फ पुष्कळ पडतें, पाऊसही कमी नाहीं. परंतु खडकास जागोजाग भेगा असल्यामुळें पडलेलें पाणी वर ठरत नाहीं, तें खोल पोटांत उतरतें. १९५० सालीं याच खिंडीजवळ एक अतिशय खोल विवर सांपडलें. १९५२ सालीं त्याचा शोध घेतांना मार्सेल लूबेन्स हा फ्रेंच संशोधक पडून मरण पावला आणि त्या स्थळाचें नांव जगभर झालें. डोंगराच्या पोटांत नदी वाहते आणि दक्षिणेकडील खडकांत मुरलेलें बरेंचसें पाणी उत्तरेस, फ्रान्सच्या बाजूस, बाहेर पडतें, असें पुढील शोधांत सिद्ध झालें. म्हणजे पाण्यानें तेथील शीव कधींच मानली नव्हती. वर उभ्या असलेल्या धनगरास मात्र पायांखालच्या या नदीचा कांहीं उपयोग नव्हता. त्याची सारी भिस्त कुरणांतल्या मोजक्या झऱ्यांवर होती. आणि तहानलेले दोन कळप एकाच झऱ्यावर एकाच वेळीं आले म्हणजे धन्यांच्या हातांतील काठ्या वर जाण्यास फारसा वेळ लागत नसे.

परंपरेनें चालत आलेली हकीकत अशी आहे कीं, १३७३ सालीं आर्लास डोंगराजवळच्या एका झऱ्यावर रोंकालचा पेद्रो कारिका आणि बारेतूसचा पिएर सान्सोलेर या दोन धनगरांची गांठ पडली. पाण्यावरून बोलाचाली झाली, ती हातघाईवर आली, आणि सान्सोलेर तेथेंच मारला गेला. त्याच्या भाऊबंदांनीं सूड घेण्यासाठीं खिंड ओलांडली. कारिका त्यांस सांपडला नाहीं. त्याची गरोदर बायको सांपडली, आणि त्यांनीं तिचा जीव घेतला. मग रोंकालकडून सुडाचा सूड झाला, त्यास बारेतूसनें उत्तर दिलें, आणि पाहतां पाहतां दोन धनगरांचें भांडण ही दोन खोऱ्यांची लढाई होऊन बसली. सुक्याबरोबर ओलेंही जळतें, तसें ज्यांचा त्या झऱ्याशीं काडीचाही संबंध नव्हता अशीं माणसें तींत बळी पडलीं. या कथेंतील प्रत्येक तपशील कागदोपत्रीं सिद्ध आहे असें नाहीं. परंतु शेजारच्या दोन वस्त्यांत पाण्यावरून वैर कसें वाढत जातें, याचें चित्र म्हणून ती अगदीं खरी आहे. प्रत्येक पिढीस मागच्या पिढीचा एक मृत मनुष्य आठवत असतो, आणि जोंपर्यंत हिशेब त्याच्यापासून मांडला जातो, तोंपर्यंत तो कधींच फिटत नाहीं.

नावारचा राजा, बेआर्नचा सरदार आणि निरनिराळे बिशप यांनीं मध्यस्थी करून पाहिली, पण ती फसली, असें परंपरा सांगते. यांत आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं. राजा मध्यें पडला म्हणजे त्यास स्वतःच्या राज्याची अब्रू सांभाळावयाची असते. झऱ्यावर आधीं कोणाची गाय जावी, हा प्रश्न त्याच्या दृष्टीनें क्षुल्लक असतो आणि माथ्याचा मालक कोण हा प्रश्न मोठा असतो. धनगराच्या दृष्टीनें नेमकें याच्या उलट असतें. शेवटीं दोन्ही पक्षांनीं आन्सोच्या लोकांस लवाद नेमलें. आन्सो हें रोंकालच्या पूर्वेस लागून असलेलें खोरें. तें त्या वेळीं आरागॉनच्या, म्हणजे तिसऱ्याच राज्यांत होतें. तेथील मुख्य सान्चो गार्सिया व त्याचे सहकारी हे स्वतः गुरेंमेंढ्यांच्या मुलखांतले. कोणत्या महिन्यांत कोणतें गवत वाढतें आणि कोणता झरा आटतो, हें त्यांस कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. मराठेशाहींत दोन गांवांचा तंटा स्थानिक सभेंत सुटेनासा झाला म्हणजे तो परस्थळीं नेऊन तेथील गोतापुढें मांडण्याची चाल होती. तिच्या मुळाशीं जें शहाणपण होतें, तेंच येथेंही दिसून येतें. न्याय करणारा मनुष्य तंट्यापासून दूर असावा, पण तंट्याच्या विषयापासून दूर नसावा.

१६ ऑक्टोबर १३७५ रोजीं आन्सो येथील सान पेद्रोच्या चर्चमध्यें निवाडा जाहीर झाला. त्यांतील मुख्य अटी थोडक्यांत सांगतां येतात. बारेतूसच्या लोकांनीं आपलीं गुरें दरवर्षीं १० जुलैपासून पुढें सलग २८ दिवस माथ्यावरच्या ठराविक कुरणांत चारावीं व तेथील झऱ्यांवर पाणी पाजावें. त्यानंतर तें कुरण २५ डिसेंबरपर्यंत रोंकालच्या कळपांचें. या हक्काबद्दल बारेतूसनें रोंकालला प्रतिवर्षीं तीन गाई द्याव्या. त्या दोन वर्षांच्या, निर्दोष, आणि दांत, रंग व शिंगें यांत एकमेकींसारख्या असाव्या. गाईंचा हा कर याहूनही जुना असावा आणि १३७५ च्या निवाड्यानें जुन्याच वहिवाटीस नियमाचें रूप दिलें असावें, असेंही कांहीं अभ्यासक मानतात.

वरवर पाहणारास हा निवाडा एकतर्फी वाटेल. ज्या पक्षाचीही माणसें मेलीं, त्यानेंच दरसाल तीन गाई द्यावयाच्या, हा बारेतूसचा अपमान नव्हे काय? परंतु थोडा विचार केला असतां निराळेंच दिसून येतें. उत्तरेच्या लोकांस माथ्याचा अभिमान मिरवावयाचा नव्हता, त्यांस उन्हाळ्याचे चार आठवडे पाहिजे होते. तीन गाई देऊन त्यांनीं ते चार आठवडे कायमचे मिळविले. मेहेरबानीनें मिळालेला चारा देणाऱ्याच्या लहरीबरोबर बंद होतो. मोल देऊन घेतलेला चारा हा हक्क ठरतो. ज्या वर्षीं गाई रोंकालनें स्वीकारल्या, त्या वर्षीं ‘तुम्हीं येथें कां आलां?’ असें विचारण्याचा अधिकार रोंकालला उरला नाहीं. उलट, रोंकालचा मान राहिला. माथा आपला आहे ही गोष्ट दरसाल चारचौघांत कबूल करून घेतल्यामुळें शेजाऱ्याची गाय आपल्या कुरणांत चरतांना पाहून त्याच्या मनांत शंका येण्याचें कारण उरलें नाहीं. एकास मान मिळाला, दुसऱ्यास चारा मिळाला. आणि ज्याला जें अधिक हवें होतें, तेंच त्याच्या वांट्यास आलें.

निवाड्याचा दुसरा गुण असा कीं, त्यानें जमिनीऐवजीं काळाची वांटणी केली. कुरणाचे दोन तुकडे केले असते, तर झरा एकाच तुकड्यांत गेला असता आणि दुसरा तुकडा निरुपयोगी झाला असता. दिवसांची वांटणी केल्यामुळें सारें कुरण व सारें पाणी दोघांसही आळीपाळीनें मिळालें. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, ही म्हण घरांत तक्रारीच्या सुरांत वापरली जाते. त्या डोंगरावर तीच न्यायाची वाट ठरली. दोन्ही खोऱ्यांच्या गरजाही अगदीं एकाच दिवसाच्या नव्हत्या. शरदृतूंत रोंकालचे कळप दूर दक्षिणेकडे बार्देनास नांवाच्या रुक्ष मैदानांत हिवाळा काढण्यास जात. उत्तरेच्या लोकांस तशी सोय नव्हती. लवादांनीं हा फरक ओळखला होता. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. करारांत ‘सलोख्यानें वागावें’, ‘बंधुभाव ठेवावा’ अशा गोड उपदेशावर भिस्त ठेवलेली नाहीं. किती दिवस, कोणत्या तारखेपासून, किती गाई, कोणत्या वयाच्या, हें त्यांत मोजून मापून ठरविलें आहे. जेथें शब्द मोघम असतो, तेथें प्रत्येकजण आपल्या सोयीचा अर्थ काढतो, आणि पुन्हां काठ्या वर जातात.

तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा. हा करार कागदावर लिहून पेटींत ठेवून दिलेला नाहीं. तो दरवर्षीं नव्यानें करावा लागतो. १३ जुलै रोजीं सुमारें १,७६० मीटर उंचीवरच्या सेंट मार्टिनच्या दगडापाशीं दोन्ही खोऱ्यांतील प्रतिनिधि जमतात. मूळचा दगड आतां नाहीं. १८५६ च्या तहानंतर सीमा आंखण्यांत आली, तेव्हांचा २६२ क्रमांकाचा दगड त्याच्या जागीं आहे. स्पेनच्या बाजूस रोंकालचे मेयर जुन्या पद्धतीच्या काळ्या पोशाखांत उभे राहतात. फ्रान्सच्या बाजूस बारेतूसचे मेयर तिरंगी पट्टा घालून उभे राहतात. अध्यक्षपद इसाबाच्या मेयरकडे असतें. ‘प्रतिवर्षाप्रमाणें तीन गाई देण्यास तुम्हीं राजी आहां काय?’ असें तो तीन वेळां विचारतो आणि तिन्ही वेळां पलीकडून ‘होय’ असें उत्तर येतें. मग एकजण दगडावर हात ठेवतो, त्यावर दुसऱ्या बाजूचा मनुष्य हात ठेवतो, त्यावर पुन्हां पहिल्या बाजूचा, अशी हातांची रास होते. सर्वांत वर इसाबाच्या मेयरचा हात येतो, आणि ‘यापुढें शांतता’ या अर्थाचे ‘पाक्स आवान्त’ हे शब्द तीनदां उच्चारले जातात. इसाबाचा पशुवैद्य गाई तपासून पाहतो. नंतर कुरणाच्या राखणीसाठीं राखणदार नेमले जातात, ज्यांची कांहीं तक्रार असेल त्यांस ती तेथेंच मांडण्यास सांगितलें जातें, झाल्या गोष्टीची लेखी नोंद होऊन सह्या होतात, आणि शेवटीं सर्वजण एकत्र जेवतात.

यांतील पशुवैद्य, राखणदार आणि तक्रारींची सुनावणी हा भाग पाहुण्यांस रुक्ष वाटतो. त्यांचें लक्ष पोशाखाकडे व हातांच्या राशीकडे असतें. पण करार जिवंत ठेवणारा भाग तोच आहे. कोणाच्या गाई एकोणतिसाव्या दिवशीं कुरणांत सांपडल्या, कोणाच्या मेंढ्या मुदतीपूर्वीं शिरल्या, असल्या कुरबुरी दरसाल होणारच. वर्षभर मनांत सांठवलेली कुरबुर वैर होते. ठराविक दिवशीं, ठराविक जागीं, दोन्हीकडच्या जाणत्या माणसांपुढें बोलून दाखविलेली कुरबुर दंडावर भागते. शेजाऱ्यांच्या तहास स्नेहापेक्षां तक्रारीच्या जागेची गरज अधिक असते, हें त्या धनगरांस कोणत्याही ग्रंथावांचून कळलें होतें.

या करारानें किती उलथापालथी पाहिल्या, त्यांचा हिशेब मनोरंजक आहे. १५१२ सालीं नावारचें राज्य स्पेनच्या फर्दिनंद राजानें जिंकून घेतलें व रोंकाल स्पॅनिश राजांच्या अमलांत गेलें. १६२० सालीं बेआर्न फ्रान्सच्या राज्यास जोडण्यांत आलें. पुढें फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली, राजा गेला, बादशहा आला, तोही गेला. १८५६ च्या डिसेंबरांत फ्रान्स व स्पेन यांनीं बायोन येथें सीमेचा तह केला. आधुनिक सरकारांस आपल्या सरहद्दीवर परक्या गुरांचा कायमचा हक्क असणें आवडत नाहीं. म्हणून अशा प्रकारचे बेमुदत करार त्या तहानें रद्द केले आणि नवे करार पांच वर्षांहून अधिक मुदतीचे असूं नयेत असें ठरविलें. त्यांतून दोनच करार वगळण्यांत आले. एक १५५६ च्या लवादाचा, आएझ्कोआ व सीझ या खोऱ्यांमधला. आणि दुसरा १३७५ च्या लवादाचा, रोंकाल व बारेतूस यांच्यामधला. हे दोन्ही कायम चालू राहतील, असें तहाच्या कलमांतच लिहिलें गेलें. म्हणजे दोन मोठ्या राष्ट्रांस धनगरांच्या निवाड्यास मान द्यावा लागला.

याच पर्वतांत थोडें पश्चिमेस याच्या उलट दाखला सांपडतो. आल्दूदच्या खोऱ्याजवळच्या कुरणांवरून दोन्ही बाजूंच्या गांवांत फार दिवसांचा तंटा होता. १७८५ सालीं दोन्ही राजांच्या प्रतिनिधींनीं तो मिटविण्यासाठीं सरळ रेघ ओढून सीमा ठरविली. कागदावर ती रेघ स्वच्छ दिसत होती. परंतु डोंगरावर ती चालत्या वहिवाटीच्या आड आली आणि तंटा मिटला नाहीं. अखेरीस १८५६ च्या तहानें सीमा ठरवितांना कुरणाचा वेगळा विचार करावा लागला. उत्तर उतारावरचें गवत फ्रान्सकडील बेगोरीच्या लोकांस द्यावें आणि त्याबद्दल फ्रान्सनें स्पेनला दरसाल ८,००० फ्रँक खंड द्यावा, अशी तोड निघाली. सत्तर वर्षांच्या कटकटीनंतर राजकारणी मंडळी ज्या उपायास आलीं, तो आन्सोच्या लोकांस सुमारें पांचशें वर्षांपूर्वींच सुचला होता: मालकी एकाची, वापर दुसऱ्याचा, आणि मोल ठरलेलें.

पिरेनीजमध्यें असे करार इतके रूढ होते कीं, राजांच्या युद्धांतही ते चालू ठेवण्याची हिंमत तेथील लोकांस झाली. १५१२ मध्यें नावारवरून फ्रान्स व स्पेन यांच्यांत युद्ध पेटलें. दुसऱ्याच वर्षीं, २२ एप्रिल १५१३ रोजीं, गारोन नदीच्या उगमाकडील प्लां दारेम या ठिकाणीं दोन्ही बाजूंच्या अनेक खोऱ्यांचे प्रतिनिधि जमले. राजे परस्परांशीं लढत असले तरी आपापल्या खोऱ्यांत देवघेव व चराई शांततेच्या काळाप्रमाणेंच चालूं द्यावी, असें त्यांनीं ठरविलें. यास राजद्रोह म्हणावें कीं शहाणपण म्हणावें, हें ज्यानें त्यानें ठरवावें. परंतु युद्ध संपल्यावर राजे आपापल्या राजधानींत परत जातात आणि शेजारी मात्र तेथेंच राहतात, हा अनुभव त्यामागें होता.

हा प्रकार केवळ युरोपांतील थंड डोंगरांपुरता आहे असें कोणी समजूं नये. आफ्रिकेंत केनियाच्या वायव्य भागांत तुर्काना व शेजारच्या युगांडांतील कारामोजा प्रांतांत माथेनिको या नांवाच्या पशुपालक जमाती राहतात. इंग्रजी अमदानींत आंखलेली सीमा त्यांच्या मधून जाते. पावसाला मात्र ती सीमा ठाऊक नाहीं. तो कधीं इकडे पडतो, कधीं तिकडे, आणि अवर्षणांत तुर्काना लोकांस गुरें घेऊन युगांडाच्या बाजूस मोरोटो डोंगराकडे जावें लागतें. चाऱ्यापाण्यावरून आणि गुरांच्या लुटीवरून दोघांत पुष्कळ रक्त सांडलें. १९७३ सालीं लोकिरियामा या ठिकाणीं दोन्ही जमातींच्या वडीलधाऱ्या माणसांनीं हत्यारें जमिनींत पुरून तह केला. त्याची कसोटी लवकरच लागली. १९७९ सालीं इदी अमीनची सत्ता कोसळली, तेव्हां मोरोटो येथील लष्करी कोठारांतल्या बंदुका कारामोजांतील लोकांच्या हातीं पडल्या, आणि जेथें पूर्वीं भाले होते तेथें रायफली आल्या. त्या भागांतील इतर जमातींत लुटालूट व कत्तली माजल्या. तुर्काना व माथेनिको यांचा तह मात्र आदर्श म्हणून आजही सांगितला जातो, आणि लोकिरियामा येथें त्याचें स्मरण साजरें होतें. २०१९ च्या सप्टेंबरांत केनिया व युगांडा यांच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितींत मोरोटो येथें या सीमाभागासाठीं सरकारी करार झाला, तो याच वाटेनें पुढें टाकलेलें पाऊल होय.

अर्थात् या तहांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. असा तह तो करणाऱ्यांपुरताच असतो. लोकिरियामाचा शब्द तिसऱ्या जमातीस बांधीत नाहीं. ती लुटीस आली तर पुरलेलीं हत्यारें पुन्हां उकरावींशीं वाटतात. पिरेनीजमध्यें निराळेंच संकट आहे. तेथील खोऱ्यांतून तरुण शहरांकडे गेले, कळप घटले, आणि माथ्यापर्यंत मोटारींची सडक झाली आहे. १३ जुलैच्या समारंभास आतां गुरांपेक्षां पाहुण्यांची गर्दी अधिक दिसते. ज्या गवतासाठीं माणसें मेलीं, त्या गवताची किंमतच उतरली तर तहाचें काय होईल, असा प्रश्न विचारणारे लोक आहेत. त्यांचा प्रश्न रास्त आहे. परंतु झऱ्याची किंमत उतरली म्हणून समारंभ निरर्थक ठरत नाहीं. ज्या वर्षीं अवर्षण पडेल, बर्फ कमी पडेल, त्या वर्षीं तोच झरा पुन्हां मोलाचा होईल. आणि त्या दिवशीं भांडण कोठें व कोणापुढें न्यावयाचें, हें दोन्ही खोऱ्यांस आधींच ठाऊक असेल. विहीर तहान लागण्यापूर्वींच खणावी लागते.

शेजाऱ्यांच्या वैरावर प्रेम हाच एक उपाय आहे, असें उपदेशक नेहमीं सांगतात. रोंकाल व बारेतूस येथील लोक एकमेकांवर प्रेम करीत होते किंवा नाहीं, याची नोंद निवाड्यांत नाहीं. तेथें नोंद आहे ती अठ्ठावीस दिवसांची, तीन गाईंची आणि त्या गाईंच्या दांतांची व शिंगांची. स्नेह आला तर तो मागून आला. वर्षानुवर्षें एकाच दगडावर हात ठेवून आणि एकाच पंक्तीस बसून जेवून आला. पाण्याचा एक घोट आधीं कोणीं घ्यावा, यावरून जे लोक एकदां परस्परांच्या जिवावर उठले होते, त्यांचे वंशज आज तीन वेळां प्रश्न विचारतात व तीन वेळां उत्तर देतात; आणि तिसरें उत्तर मिळेपर्यंत दोन्ही बाजूंची माणसें गप्प उभीं राहतात.